पी ०४५२: टाकीच्या प्रेशर सेन्सरचा कोड, चेक लाइट जात नाही (किनाऱ्यावरची गाडी)

तारकर्ली_वारा
गाडी बाहेरून पूर्ण बांधून आलेली पेट्रोल एसयूव्ही, २०१८ ची. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उघड्यावर उभी असते. चेक लाइट कायम पेटलेला, कोड एकच, पी ०४५२. स्कॅनरवर टाकीतला दाब उणे ४.१ किलोपास्कल दिसतो आणि तो हलतच नाही. इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडलं तरी तेवढाच. कोड पुसला तर चावी फिरवताच परत येतो. पेट्रोलचा वास नाही, पिकअप आणि ॲव्हरेज पूर्वीसारखंच.
गॅरेजवाल्याचं म्हणणं, सेन्सर गेला. सेन्सर इथे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल. मागवण्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आणि ब्लूटूथ स्कॅनर आहे.

कपलर
मागवू नका, आधी मोजा. तुमच्या माहितीतच अर्धं उत्तर आहे. झाकण उघडं असताना टाकीत आणि बाहेर एकच हवा, म्हणजे सेन्सरने शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा दाखवायला हवा. तुमचा आकडा एका टोकाला चिकटला आहे आणि कोड पुसताक्षणी परत येतो. ही गळती नाही, वायरिंग किंवा सेन्सरची तक्रार आहे. गळतीचे कोड गाडी एकदोन दिवस चालून स्वतःची चाचणी पूर्ण झाल्यावर येतात, चावी फिरवताच येत नाहीत.
टाकीच्या प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात. एकीवर ईसीयूकडून (इंजिनचा कॉम्प्युटर) ५ व्होल्ट, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नल. वातावरणाच्या दाबाला सिग्नल गाडीगणिक साधारण दीड ते अडीच व्होल्टच्या आसपास असतो. पी ०४५२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी ०४५३ म्हणजे फार वर, आणि पी ०४५१ म्हणजे सिग्नल मर्यादेत आहे पण ईसीयूला तो पटत नाही.
सेन्सर कुठे आहे ते आधी शोधा. तो टाकीच्या डोक्यावर पंपाच्या झाकणाशेजारी असतो, नाहीतर कॅनिस्टरकडे (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा) जाणाऱ्या नळीवर. टाकीवर असेल तर मागच्या सीटखाली पत्र्याचं झाकण आहे का पाहा. बऱ्याच गाड्यांत असतं आणि मग टाकी उतरवावी लागत नाही.
सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा, चावी ऑन, इंजिन बंद. ५ व्होल्टची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत. मग स्कॅनरवर दाब बघत राहा आणि ५ व्होल्ट व सिग्नल या दोन पिना एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. आकडा दुसऱ्या टोकाला उडी मारून गेला तर सिग्नलची वायर आणि ईसीयू ठीक. नुसत्या वायरच्या तुकड्याने जोडू नका, चुकून ५ व्होल्ट अर्थला लागले तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सरही बसतील.

खडपाचा_रस्ता
टाकीला कॉम्प्रेसरची हवा मारून बघायला काय हरकत आहे? दाब वाढला तर सेन्सर हलतो की नाही कळेल.

कपलर
हरकत मोठी आहे. हा सेन्सर काही किलोपास्कलच्या पट्ट्यातला असतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ६९० किलोपास्कल. सेन्सरचा पडदा फाटेल, कॅनिस्टरची प्लॅस्टिकची टोकं निघतील. गळती शोधायला धूर सोडणारं स्मोक मशीनसुद्धा या सिस्टमला साधारण अर्ध्या पीएसआयवर, म्हणजे साडेतीन किलोपास्कलच्या आत चालवतात. वर टाकीत पेट्रोलची वाफ असताना तिच्यात हवा कोंबणं हा जिवाशी खेळ आहे. सेन्सर सुटा काढला असेल तर तोंडाने नळीतून हलके फुंकलं तरी आकडा हलतो, तेवढं पुरे.

घाटवळण
हात लावण्याआधी एक गोष्ट, ही टाळू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. गाडी पिटवर घेऊन सेन्सर उघडणार असाल तर पिट हीच सगळ्यात वाईट जागा. उघड्या अंगणात करा, टाकी पावपेक्षा कमी भरलेली असू द्या, तारेचा बल्ब लावलेला लोंबता दिवा नको, बॅटरीवरचा एलईडी वापरा. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. व्होल्टेज मोजताना बॅटरी लागणारच, पण सेन्सर किंवा नळी सोडवताना निगेटिव्ह टर्मिनल काढूनच.

तारकर्ली_वारा
मागच्या सीटखाली झाकण निघालं, सेन्सर टाकीवरच आहे. मोजमाप असं:
कपलर काढून ५ व्होल्टची वायर ते अर्थ: ५.०१
रेझिस्टर लावून: दाब उणे ४.१ वरून अधिक ३.९
कपलरच्या पिना सेन्सरच्या बाजूने स्वच्छ, पिवळ्याधमक.
म्हणजे वायरिंग ठीक, सेन्सरच गेला ना?

मिठागर
थांबा. ५.०१ हा आकडा फसवा आहे.
मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायर आतून कुजून एका तंतूवर लटकलेली असली तरी कपलर काढलेला असताना मीटरवर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. रेझिस्टरची चाचणीही त्याच कारणाने पास होते, तिथेही करंट नगण्य. प्रत्यक्षात सेन्सर काही मिलिअँपिअर ओढतो आणि कुजलेल्या जागी व्होल्टेज पडतं. सेन्सरचा सिग्नल त्याला मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या प्रमाणात असतो, त्यामुळे पुरवठा खाली आला की सिग्नलही खाली. ईसीयूला वाटतं सेन्सर गेला.
म्हणून कपलर लावलेला ठेवून मोजा. त्याच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवा आणि तिला मीटर लावा. वायरच्या आवरणात सुई टोचू नका. आपल्या हवेत त्या एका भोकातून मिठाचा ओलावा आत शिरतो आणि वर्षा-दोन वर्षांत वायर तिथेच काळी पडते. टेस्ट लॅम्पने भोकं पाडून केलेली ‘तपासणी’ हेच किनाऱ्यावर निम्म्या वायरिंगच्या रोगाचं मूळ आहे.
दोन आकडे हवेत:
१. कपलर लावलेला, चावी ऑन: ५ व्होल्टची वायर ते बॅटरीचा निगेटिव्ह.
२. सेन्सरची अर्थ वायर ते बॅटरीचा निगेटिव्ह. हा ०.०५ व्होल्टच्या आत हवा, ०.१ च्या वर गेला तर अर्थ खराब.

तारकर्ली_वारा
१. १.८७ व्होल्ट
२. ०.०२ व्होल्ट
कपलर काढला की पहिला आकडा लगेच ५.०१ होतो, लावला की परत १.८७.

मिठागर
सापडलं. सेन्सर बरा आहे, ५ व्होल्टच्या वायरमध्ये मध्येच काहीशे ओहमचा अडथळा आहे. दुसऱ्या सेन्सरचे कोड नाहीत, त्यामुळे ईसीयूकडून निघणारा पुरवठा ठीक. जिथून ही फांदी टाकीकडे वळते त्याच्या पुढे दोष.
आता जागा शोधायची. बॅटरी काढा, ईसीयूचा कपलर सोडवा, त्या वायरचा दोन्ही टोकांतला रेझिस्टन्स मोजत मोजत हार्नेस (वायरींची जुडी) हाताने हलवत या. वायर एक ओहमच्याही आत यायला हवी. जिथे हात लावल्यावर आकडा नाचतो, ती जागा. मी आधी मागच्या चाकाच्या वरचं प्लॅस्टिकचं लायनर उघडेन. चाकाने उडवलेला लाल चिखल तिथे साचतो, खाली जेटीवरची आणि पुळणीवरची खारी ओल त्यात मुरते, आणि नेमका तिथेच कंपन्यांचा हार्नेसचा जोड असतो.

कपलर
मिठागर यांच्याशी पूर्ण सहमत, आणि माझी चूक मान्य. कपलर काढून मोजणं अपुरं होतं. लावलेला ठेवून मोजायला मीच आधी सांगायला हवं होतं.

तारकर्ली_वारा
डाव्या मागच्या चाकाच्या लायनरमागेच निघालं. चार वायरींचा जोड आहे, त्याला फक्त कापडी टेप. टेप उलगडली तर आत ओला लाल गाळ. तीन वायरी ठीक, चौथी म्हणजे आपली ५ व्होल्टची. जोडाच्या अलीकडे आवरण किंचित फुगलेलं, चिमटीत धरून दाबलं तर आत कुरकुर लागते. आवरण चिरलं, तर तांब्याच्या जागी हिरवी पूड, आणि त्यातून दोन-तीन काळे तंतू पलीकडे गेलेले. रेझिस्टन्स ४१० ओहम, हात लावला की २५० ते ९०० मध्ये कुठेही.
आता जोडायचं कसं? नुसतं कापून पिळलं तर टिकणार नाही ना?

मिठागर
नाही टिकणार. दोन्ही बाजूंनी आवरण सोलत जा, तांबं लाल आणि चकचकीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही आणि गंज आवरणाच्या आतून पुढे सरकत राहतो. कधी वीत-वीतभर वायर फेकून द्यावी लागते. कंजुषी करू नका.
मध्ये नवा तुकडा घाला, ऑटोमोबाइलची तांब्याची वायर, जुनीइतकीच जाड, इथे ०.५ चौरस मिलिमीटर चालेल. घरगुती फिटिंगची ताठ वायर नको, कंपनाने तुटते. सोल्डर करणार असाल तर रोझिनचाच फ्लक्स, पत्र्याचं ॲसिडचं फ्लक्स लावलंत तर तेच पुढे वायर खाईल. क्रिंप केलं तरी चालेल, मात्र पक्कड नीट हवी. त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. गरम केल्यावर दोन्ही तोंडांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की समजा आतली हवा बंद झाली. साधी स्लीव्ह किनाऱ्यावर उपयोगाची नाही. इन्सुलेशन टेप तर बिलकुल नको, उन्हाळ्यात तिचा चिकट भाग वितळून सरकतो आणि पावसात पाणी धरून बसतो.
बाकीच्या तीन वायरींच्या जोडांनाही आत्ताच स्लीव्ह चढवा, आज ठीक दिसत असल्या तरी. सगळे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, दोन बोटं मागेपुढे ठेवा. हार्नेस परत बांधताना जोडाच्या अलीकडे खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळातून टपकेल, जोडात जाणार नाही. मूळ जागेपेक्षा वर, पत्र्याच्या कडेला बांधता आलं तर उत्तम.
सेन्सरच्या कपलरच्या रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. कपलर ग्रीसने भरायचा नाही.

सोलेनॉइड
मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे. माझी साधी हॅचबॅक, बीएस-६, पी ०४४४. यूट्यूबवर सगळे सांगतात आधी झाकण बदला, मग स्मोक टेस्ट करा. झाकण बदललं, काही फरक नाही.

कपलर
ते व्हिडिओ अमेरिकेतल्या गाड्यांचे. तिथल्या नियमाप्रमाणे गाडीने स्वतःच टाकीपासून इंजिनपर्यंतची गळती शोधायची असते, आधी १ मिलिमीटर आणि पुढे अर्ध्या मिलिमीटर भोकाइतकी. म्हणून तिथे टाकीवर प्रेशर सेन्सर असतो, कॅनिस्टरला बाहेरची हवा आत घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह असतो आणि झाकण सैल राहिलं तरी चेक लाइट लागतो. आपल्याकडच्या ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष शोधायची सोय) ठेवण युरोपीय आहे. या बाबतीत किमान बंधन एवढंच की पर्ज व्हॉल्व्हचं (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनकडे सोडणारा व्हॉल्व्ह) इलेक्ट्रिक सर्किट अखंड आहे की नाही ते गाडीने तपासावं. इथल्या बहुतेक गाड्यांना झाकण सैल आहे हे कळायची सोयच नाही. धागाकर्त्यांची गाडी बाहेरची, म्हणून तिला तो सेन्सर आहे.
पी ०४४४ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट तुटलेलं. इंजिनच्या इनटेकजवळ दोन नळ्या आणि दोन वायरींचा छोटा व्हॉल्व्ह शोधा. कपलर काढून त्याच्या दोन पिनांत रेझिस्टन्स मोजा. बहुतेकांत २० ते ३० ओहमच्या आसपास येतो. अनंत दाखवला तर आतली कॉइल तुटली, व्हॉल्व्ह बदला, विषय संपला. रेझिस्टन्स ठीक असेल तर चावी ऑन करून कपलरच्या एका पिनवर बॅटरीइतके व्होल्ट येतात का बघा. आले नाहीत तर फ्यूज आणि त्या बाजूची वायर. आले तर ईसीयूकडे जाणारी दुसरी वायर तपासा. ईसीयू ती अर्थला टाकून व्हॉल्व्ह उघडतो.
फणसा-आंब्याखाली गाडी असते का? उंदीर नेमके इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि याच पातळ वायरी कुरतडतात.

सोलेनॉइड
कॉइल अनंत. व्हॉल्व्ह मागवला. जुना उलटा केला तर नळीतून काळे दाणे पडले, मोहरीएवढे.

कपलर
मग नुसता व्हॉल्व्ह घालू नका. ते दाणे कॅनिस्टरमधल्या कोळशाचे आहेत. कॅनिस्टर आतून फुटलं आहे, दाणे पर्जच्या नळीतून पुढे येतात. नव्या व्हॉल्व्हच्या सीटखाली एक दाणा अडकला की तो अर्धवट उघडा राहील आणि इंजिन सतत टाकीतली वाफ ओढेल. मग पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू होताना त्रास, आयडलला धडधड, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा) खूप उणे, ही लक्षणं सुरू होतात. कॅनिस्टर बदला. पर्जची नळी दोन्ही टोकांनी सोडवून, टाकीच्या बाजूला हवा जाणार नाही अशा दिशेने साफ करा. मगच व्हॉल्व्ह.
नवा बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघा. करंट नसताना हवा अजिबात जाता कामा नये. १२ व्होल्ट लावले की ‘टिक’ आवाज येऊन हवा जायला हवी.

घाटवळण
कॅनिस्टर का फुटतं तेही लिहितो, कारण हे टाळता येतं. पंपावर ऑटो कट झाल्यावर राउंड फिगरसाठी अजून दोन-तीन वेळा पिस्तूल दाबलं जातं. गणपतीला मुंबईहून निघणारे तर नळकांड्याच्या तोंडापर्यंत भरतात, महामार्गावर पंप लांब पडतील म्हणून. टाकीच्या डोक्याला वाफेसाठी ठेवलेली मोकळी जागा पेट्रोलने भरते आणि वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जातं. कोळसा वाफ शोषायला असतो, द्रव पेट्रोलने तो ओला होऊन गच्च होतो, आतली जाळी सुटते, दाणे मोकळे होतात. हातात घेतलं की ओलं कॅनिस्टर नव्यापेक्षा चांगलंच जड लागतं. पहिल्या कटला थांबायचं, पैसे सुटे असोत नसोत.

तारकर्ली_वारा
जोड झाला. दोन्हीकडे वीतभर वायर गेली. आता कपलर लावून ४.९९ व्होल्ट. झाकण उघडं ठेवून दाब ०.०. कोड पुसला, तीन वेळा चावी फिरवली, आला नाही.
पण नवीन गोष्ट. इंजिन गरम झाल्यावर गाडी चालवताना स्कॅनरवर पर्जची टक्केवारी ३०-४० ला गेली की टाकीचा दाब हळूहळू उणे २.६ पर्यंत उतरतो, आणि पर्ज शून्य झाल्यावरही तिथेच अडकून राहतो. झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते. हे आधीही होत असणार, सेन्सर बंद होता म्हणून कळलं नाही.

मिठागर
अगदी बरोबर. सेन्सर आता खरं बोलू लागला. पर्ज चालू असताना कॅनिस्टरच्या व्हेंटमधून बाहेरची हवा आत यायला हवी, म्हणजे टाकीचा दाब शून्याच्या आसपासच राहतो, थोडासाच उणे होतो. तुमचा अडकतो म्हणजे व्हेंटचं तोंड बंद आहे. असंच चालवलंत तर पी ०४४६, म्हणजे व्हेंटचा कोड, येईल, आणि उतारावर त्रास वाढेल. तारकर्लीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, आंबोली सुमारे ६९० मीटरवर, तिथे ९३-९४ च्या आसपास. वर झाकण उघडून पेट्रोल भरलंत आणि खाली सावंतवाडीला उतरलात तर टाकीत आणखी निर्वात तयार होते. झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह थोडी हवा आत घेतो, पण त्याच्या भरवशावर टाकी ठेवायची नाही.
कॅनिस्टरपासून निघणारी व्हेंटची नळी शोधा. बहुधा टाकीच्या मागे वर जाते आणि टोकाला छोटा फिल्टर किंवा जाळीची टोपी असते.

खडपाचा_रस्ता
ती टोपी उघडताना आत कुंभारणीचं घर आहे का बघा. कुंभारीण माशी अशाच अंगठ्याएवढ्या भोकात मातीचं घर बांधते, आणि पावसाळ्यानंतर तर हमखास.

तारकर्ली_वारा
तेच. टोकाच्या टोपीत चिखलाची गोळी, बोटाच्या पेराएवढी, पक्की सुकलेली. आणि फिल्टर लाल मातीने विटेसारखा. व्हेंट व्हॉल्व्ह करंट नसताना उघडा, तोंडाने फुंकल्यावर हवा सरळ जाते, १२ व्होल्ट लावले की बंद होतो. म्हणजे व्हॉल्व्ह चांगला?

मिठागर
चांगला. व्हेंट व्हॉल्व्ह करंटशिवाय उघडा, पर्ज व्हॉल्व्ह करंटशिवाय बंद, दोघांचं उलट असतं. माती भिजवून खरवडू नका, ओला चिखल आत जाईल. कोरडीच फोडून नळी खाली तोंड करून झटका. फिल्टर नवा. नळीच्या टोकावर बारीक स्टीलची जाळी बसवा, कापड नको, ते ओलं होऊन पुन्हा तोंड बंद करतं.

तारकर्ली_वारा
झालं. पर्ज ३८ टक्के असताना दाब उणे ०.२, पर्ज बंद झाला की लगेच शून्य. आता गाडीची स्वतःची इव्हॅप (टाकीच्या वाफेच्या सिस्टमची) चाचणी ‘अपूर्ण’ दाखवते. किती चालवावी लागेल?

कपलर
अंतरापेक्षा परिस्थिती महत्त्वाची. बहुतेक गाड्या टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असेल तरच ही चाचणी चालवतात. पूर्ण भरून फिरलात तर महिनाभर ‘अपूर्ण’च दिसेल. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं. बाहेर फार ऊन असेल तर चाचणी टळते, म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी नाही, पहाटे निघा. मालवण ते कुडाळसारखा सलग रस्ता घ्या, सतत थांबाथांब असलेला बाजारातला नको. टाकी अर्धी ठेवा. मधल्या काळात बॅटरी काढू नका, नाहीतर सगळ्या चाचण्या परत पहिल्यापासून.

तारकर्ली_वारा
टाकी निम्मी, पहाटे पावणेसहा, कुडाळपर्यंत. तिसऱ्या दिवशी ‘पूर्ण’. कोड नाही, पेंडिंगमध्येही नाही.

सोलेनॉइड
माझंही कॅनिस्टर आणि व्हॉल्व्ह बसलं, पी ०४४४ गेला. नळीतून अजून चार-पाच दाणे निघाले होते. खाली पुळणीची वाळू खूप लागली आहे, प्रेशर वॉशरने धुऊ का?

मिठागर
गोड्या पाण्याने जरूर धुवा, पुळणीवरून किंवा फेरीवरून आल्यावर त्याच दिवशी. पण प्रेशर वॉशरचा फवारा कपलर आणि व्हेंटच्या टोपीवर सरळ मारू नका, सीलच्या आत पाणी घुसतं. साध्या बागेच्या पाइपने खालून दहा मिनिटं, चाकांची लायनर आतून, टाकीच्या वरच्या कडेला हात घालून. लायनरच्या खालच्या टोकाला पाणी निघायची भोकं असतात, तिथे साचलेला गाळ बोटाने काढा.